नूरबीची दुरडी

शबो, इकडं ये, अशी जवळ बस. फोन उचलायला हात झिजतात का गं तुझे? तू उचलत न्हाईस म्हणून हे पेपरात लिहायला लागलंय. पुण्यात पेपर येतोच ना... मग आता सगळ्यांसमोर बोलणी खा.

तुझी आई, माझी नूरबी, गेली त्याला महिना होत आला. सकाळी टमटमवाल्यानं सांगितलं. वेशीच्या दगडी कमानीखाली तो रोज बीडला कामाला जाणारी आपल्या पेठेतली माणसं भरतो. "गऊमावशी, नूरबीचाची गेल्या," म्हणाला, आन् गाडी घेऊन निघूनबी गेला. गाडीतलं एक माणूस खाली उतरलं न्हाई. माझा राग तिथनं चढला, तो अजून उतरला न्हाई.

मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारणी पिठलं-भाकरी नेतात. आमी त्याला कडू घास म्हणतो, तुमच्यात काय म्हणत असतील ते म्हणोत, भूक एकच. पेठेत कुणीबी जावो, सगळ्यांच्या आधी दुरडी घेऊन निघायची ती तुझी आई. किराणावाल्या शिवप्पा अप्पांची आई गेली तवाचं सांगते. त्यांच्याकडं तुमच्या हातचं शिजलेलं चालत न्हाई, हे नूरबीला ठावं होतं. तोंड वाकडं केलं का तिनं? ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ दुरडीत घेऊन माझ्या दारात उभी. "आटा मेरा, हाथ तेरा, गऊ!" मी भाकरी थापल्या, ती चुलीत काड्या सारत बसली. "बुढ्ढी रोज मेरेकू चिडाती थी... अब किससे झगडूँ?" म्हणली, आन् डोळे पुसत धुराला शिव्या देत राहिली.

आता मागं त्या कमानीला कुठला रंग द्यायचा यावरून पोरांची डोकी फुटली. तवापासनं टमटमबी दोन झाल्या, ह्यांची येगळी, त्यांची येगळी. पोरांचं सोड. पर नूरबीच्या भाकरी खाल्लेली म्हातारी माणसं? नूरबी गेली त्या दिशी तुमची माणसं आली, त्यांनी सगळं केलं. आमच्या घरांतनं मात्र दुपार कलली तरी एक दुरडी निघाली न्हाई. मी थेट दुकानात गेलते.

"अप्पा, नूरबीच्या घरी काय धाडलं?"

"धाडावंसं वाटतंय गं, गऊबाई. पर आमची पोरं काय म्हनतील?"

"पोरांना सांगा, आजीचा कडू घास कुणाच्या पिठाचा गिळला होता ते!"

अप्पा खाली मान घालून तराजू पुसत बसले. लई चकचकीत केला तराजू... मी घरी येऊन एकटीनंच भाकरी थापल्या.

तू त्यातली अर्धी खाल्लीस आन् म्हणलीस, "मावशी, घर विकून टाकते. इथं कुणासाठी यायचं?" मी तरी कुणाचं नाव घेणार? दारं तर बंदच होती.

परवा अप्पांची बायको पदराखाली पीठ घेऊन आली. "नूरबीच्या दुरडीत घाला," म्हणली. आता सुचलं व्हय तिला! पीठ ठेवून घेतलं, चहा इचारला न्हाई.

ती दुरडी मी तुमच्या घरनं उचलून आणली, माझ्या खुंटीला हाय. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई, पुण्याला धाडणार न्हाई. ह्या पेठेत पुन्हा कुणी जाईल, तवा नूरबीच्या घरातनं दुरडी निघाली पायजे. त्यांना लाज वाटावी म्हणून तरी. घर विकलंस तर निघायची कुठनं? तू ये. पीठ तुझं, हात माझा. पर लवकर ये शबो, माझे हात आता थरथरायला लागलेत.