सेलिनीचं पोट

सेलिनी ब्रेशारला फ्रान्सात कुणी ओळखत नव्हतं, आणि तिला पाहिलेलं नाही असं घरही मुश्किलीने सापडलं असतं. गुरांच्या प्रदर्शनातलं पदक असो, नेमबाजांचं असो की शाळेतल्या पहिल्या नंबराचं, त्यावर विवस्त्र बाईच्या रूपात कोरलेली समृद्धी, विजय किंवा विद्या म्हणजे बहुतेक वेळा सेलिनीच. फक्त मानेखालची. धंद्याची रीतच तशी होती. धड एकीचं, डोकं दुसरीचं, आणि सही कोरणाऱ्याची.

नुसतं कपडे काढून उभं राहायला काय लागतं, असं पॅरिसमधल्या मोंपार्नास या चित्रकार-शिल्पकारांच्या वस्तीतल्या रिकामटेकड्यांना वाटे. त्यांनी एकदा उभं राहून बघायला हवं होतं. पदकावरच्या आकृतीचा उठाव नखाच्या जाडीएवढा. समोरून दिसणारं पाऊल त्यात बसत नाही, त्याचा खूर होतो. म्हणून छाती समोर, पावलं आडवी, आणि कंबर अशी पिळायची की ती पिळलेली आहे हे बघणाऱ्याला कळताच कामा नये. सेलिनी अशी पाऊण पाऊण तास उभी राहायची. अठ्ठावीस वर्षं राहिली. तिच्या तोडीची बाई त्या अख्ख्या वस्तीत नव्हती.

ती सत्तेचाळिशीला आली तेव्हा पदकं कोरणाऱ्या तेओद्यूल गारिगूने तिला सुइणींच्या शाळेच्या पदकासाठी बोलावलं. पदकावर हवी होती आई. म्हाताऱ्या गारिगूच्या हातात जादू होती, पण मोठ्या माणसांसमोर त्याची वाचा बसायची. सेलिनीने आयुष्यात पहिल्यांदाच अट घातली: पोट आहे तसंच करायचं आणि वर डोकं माझं ठेवायचं. इतकी वर्षं परक्या बायकांची डोकी मिरवली, आता एकदा मला मी बघायचीय, असं म्हणाली. गारिगूने शब्द दिला.

पुढे लहान करून पदकावर उतरवायचं थाळीएवढं प्लास्टर डोकं सोडून तयार झालं, तशी शाळेची दोघं ते बघायला आली. एक मिशांना मेण लावलेले अध्यक्ष, दुसऱ्या मादाम तिबोदा, चाळीस वर्षं बाळंतपणं करून शाळेच्या मुख्य झालेल्या. सेलिनी पडद्याआड कपडे करत होती. अध्यक्षांनी प्लास्टर वरून खाली न्याहाळलं. काम सुरेख आहे, पण पोट लोंबतंय, म्हणाले. जरा घट्ट करा, आणि एखाद्या तरुण पोरीचं डोकं बसवा. गारिगू होय साहेब, होय साहेब करत कोरणी शोधू लागला.

सेलिनीला ते पडद्याआडून ऐकू आलं. अठ्ठावीस वर्षांत ती गिऱ्हाइकासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती. ती तशीच शाल गुंडाळून बाहेर आली.

"गारिगूसाहेब, तुम्ही शब्द दिला होता."

गारिगूने मान खाली घातली. कोरणी मात्र प्लास्टरला टेकलेली होती.

तेवढ्यात मादाम तिबोदा उठल्या. त्यांनी चष्मा चढवला, गारिगूचा हात बाजूला सारला आणि प्लास्टरच्या पोटावर दोन बोटं ठेवून ती हळूहळू खाली नेली, रोज पोटुशींना तपासतात तशी. मग सेलिनीकडे वळल्या.

"तीन ना गं?"

"चार, मादाम. धाकटं राहिलं नाही."

मादामनी बोटं परत त्याच जागी ठेवली.

"मग चार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. "माझ्या पोरी असलीच पोटं हाताळतात, साहेब. तुम्ही म्हणता तसलं पोट घेऊन बाळंतीण कधी आली नाही माझ्याकडे."

अध्यक्षांनी टोपी उचलली आणि डोक्याचं तरी बघा, असं ते पुटपुटले.

"डोकंही हिचंच राहील," मादाम म्हणाल्या. "बाळंत काय मानेखालीच होतात का बायका?"

गारिगूने कोरणी खाली ठेवली. सेलिनीने शाल काढून खुंटीला अडकवली, पावलं आडवी केली आणि हनुवटी वर उचलली. डोक्याचं काम अजून बाकी होतं.