गावातलं सगळ्यात आजारी घर

माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी माझं घर पाहण्याआधी माझ्या घरातले आजार पाहिले. तेही भर सकाळी, देवळाच्या पटांगणात, रांगोळीत! आणि त्यातले बहुतेक आजार आमच्या घरात नव्हतेच, ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

आमचं गाव काशीदच्या पुढे, डोंगर आणि समुद्राच्या चिमटीत. वरची आळी आणि खालची आळी, मध्ये देऊळ. मी खालच्या आळीतला. जमीन मोजणीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला. (मोजणी साहेब करायचे. मी टेपचं दुसरं टोक धरायचो. पण गावात हे कोणाला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.)

तर तालुक्याहून आरोग्य खात्याच्या एक मॅडम आल्या. म्हणाल्या, "यंदा आरोग्याचे वर्ग कशावर घ्यायचे, कुठे घ्यायचे, हे आम्ही ठरवणार नाही. गावानेच सांगायचं. आपण गावाचा नकाशा काढू. चिंचोका म्हणजे साखरेचा आजार, शिंपली म्हणजे ब्लडप्रेशर, सुपारीचं खांड म्हणजे तंबाखू-मिश्री आणि लाल मिरची म्हणजे दारू. ज्याच्या घरात जे असेल ते त्याने आपल्या आळीच्या चौकोनात टाकायचं. फक्त आळी हं! घरं दाखवायची नाहीत. कोणाचं गुपित उघडं पडता कामा नये."

"आणि वर्ग कुठे भरणार?" मी विचारलं.

"जिथे गरज जास्त, तिथे. एखाद्याच्या ओट्यावर."

ओट्यावर! माझे कान टवकारले. मागच्या वर्षी बाळांच्या लसींचा वर्ग वरच्या आळीतल्या पांडूशेटच्या ओट्यावर झाला होता. तेव्हापासून त्याचा मॅडमबरोबरचा फोटो गावाच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी उगवायचा. खाली लिहिलेलं, 'आरोग्यसेवेत आमचा खारीचा वाटा.' खार कसली, घूस होती ती! यंदा वर्ग माझ्याच ओट्यावर भरला पाहिजे, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि रात्री लेकीला सांगूनही टाकलं.

"नकाशा मी काढतो," मी म्हणालो. "खात्यातला माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळीचे डबे घेऊन बसलो. आता चौकोन काढून तिथेच थांबायचं की नाही? पण माझ्यातला मोजणीवाला जागा झाला. आधी रस्ता काढला. मग विहीर. मग विहीर आहे तर घरं नकोत का, म्हणून घरं! मॅडम तिकडे वरच्या आळीत घरोघरी जाऊन बायकांना बोलावत होत्या. इकडे खालच्या आळीत माझी कौलारू घरं उठत होती. शेवटी आपलं घर काढलं, त्याला ओटा काढला आणि गुलाबी रांगोळीने सुबक अक्षरात लिहिलं, 'श्री. मधुकरराव यांचे निवासस्थान.' (स्वतःला 'श्री' आणि 'राव' दोन्ही लावायला आतून एक ताकद लागते. माझ्यात ती आहे.)

मग बायका-पुरुष येऊन चिंचोके, शिंपल्या टाकू लागले. वरची आळी भराभर भरली. आमच्या आळीतले लोक मात्र कद्रू! मोती टाकावा तसा एकेक चिंचोका टाकत होते. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई म्हणाल्या, "भाऊ, वरच्या आळीत गरज जास्त दिसतेय."

"थांबा हो," मी म्हणालो. "आमचं अजून यायचंय."

माझ्या बायकोला, नलूला, खरंच ब्लडप्रेशर आहे. म्हणून एक शिंपली टाकली. ती एकटी केविलवाणी दिसायला लागली. आणखी एक टाकली. मग चिंचोके. मग एक मूठ चिंचोके. सुपारीची खांडं टाकली तर कोपरा छान भरला. तरी वरची आळी पुढेच! शेवटी, मी आयुष्यात ताडीसुद्धा हुंगलेली नाही, तरी लाल मिरची उचलली. एक मिरची वाईट दिसते, म्हणून तीन. आता माझ्या गुलाबी नावाभोवती असा ढीग जमला की अशा घरात कोणी जिवंत असेल यावर विश्वास बसू नये.

आणि तेवढ्यात देवळापाशी पांढरी गाडी थांबली.

माझी मुलगी मानसी मुरुडला औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला बघायला बोर्ली पंचतनची माणसं येणार होती. बघायला म्हणजे नावाला. मुलगा निलेश दिघीच्या बंदरात कामाला, आणि ही सोयरीक दोघांच्या मनातली होती. पोर आठवडाभर हवेत चालत होती. पण ती माणसं येणार होती संध्याकाळी! मुरुडला कोणाकडे तरी जायचंय म्हणून दिघीहून सकाळची बोट धरून ती आताच आली. आणि गाडी देवळाच्या पुढे आमच्या आळीत जात नाही.

मी देवळाच्या खांबाआड झालो. (एवढंच सुचलं.)

पुढे आले निलेशचे वडील, मागे आई, त्यांच्या मागे निलेश. आणि स्वागताला कोण? पांडूशेट!

"या, या! ह्ये काय बघताय? आमच्या गावाचा नकाशा हाय. ह्यो चिंचोका म्हंजे साखर बरं का. ही शिंपली म्हंजे बीपी. आन् ही मिरची..." इथे पांडूशेट हलकेच खाकरला, "मिरची म्हंजे दारू."

निलेशच्या आईने वाकून वाचलं, "श्री. मधुकरराव यांचे... अगो बाय! ह्यांच्याच घरी ना आपण आलोय?"

"व्हय व्हय! लई मोठा माणूस," पांडूशेट म्हणाला. "सगळ्या बाबतीत मोठा."

माणसाला धरणी पोटात घेत नाही, हे मला त्या दिवशी खात्रीने कळलं. मी मागच्या वाटेने धावत घरी गेलो आणि पडवीत जाऊन असा बसलो, जणू पहाटेपासून पेपरच वाचतोय.

पाहुणे आले. नलूने चहा-पोहे आणले. मानसी येऊन बसली. निलेशचे वडील माझ्या हाताकडे बघत होते. बहुधा थरथरतोय का ते बघत असावेत. आणि तो थरथरत होता!

मग निलेशच्या आईने पदराने डोळे टिपले.

"दादा, एक सांगू? तुमच्यासारखी माणसं बघितली न्हाईत मी! आपल्या घरातलं सगळं असं चारचौघांत मांडायचं, नावासकट... केवढं मोठं मन! आम्ही बोटीत बसल्यापासून भांडत आलो. आमच्या ह्यांना साखर हाय. इन्सुलिन घेतात. तुम्हाला सांगावं की नको सांगावं? हे म्हणाले, लग्न होऊ दे, मग बघू. पण तुमचा नकाशा बघितला आणि मला आमचीच लाज वाटली!"

निलेशचे वडील म्हणाले, "तुम्ही मोठे आहात, मधुकरराव."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं बोलावं तर सोयरीक जाते. गप्प बसावं तर संत ठरतो. मी काय केलं? मी मान खाली घातली आणि म्हणालो, "त्यात काय, कर्तव्यच ते." म्हणजे संतपद स्वीकारलं!

नलूने ट्रे आपटला. "कसला नकाशा?"

मी तिला डोळ्यांनी खूप काही सांगितलं. तिला काही कळलं नाही. मानसीला मात्र सगळं कळलं. तिने माझ्या बोटांना लागलेली गुलाबी रांगोळी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. आठवडाभर हवेत चालणारी माझी पोर एका क्षणात जमिनीवर आली, आणि मीच तिला आणलं होतं. तिने एकदा निलेशकडे पाहिलं. मग म्हणाली,

"काकू, आमच्याकडे फक्त आईला ब्लडप्रेशर आहे. बाकी सगळं खोटं आहे. बाबांना आपल्या ओट्यावर वर्ग हवा होता. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मला गप्प बसवेना. आता तुम्हाला जे वाटेल ते."

निलेशच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली.

निलेशची आई माझ्याकडे वळली. आवाजातलं 'दादा' पार गेलं होतं. "आधी जाऊन ते उचलून या."

गेलो. अख्ख्या गावासमोर उकिडवा बसून माझे आजार एकेक करून वेचू लागलो. आशाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडम मात्र हसत नव्हत्या. "अहो, तुमच्यामुळे खऱ्या आजारी माणसांचा वर्ग चुकला असता," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पांडूशेट कसला सोडतोय? "मधुभाऊ, सगळे बरे झाले? एका सकाळीत? दारूपण सुटली? अहो, औषध कुठलं ते आमच्या आळीलाही सांगा की!"

वर्ग वरच्या आळीत, त्याच्याच ओट्यावर ठरला.

घरी परतलो तो आतून हसण्याचा आवाज. दारात पाऊल टाकतो तर मानसीची ओटी भरून झालेली, निलेश पेढा खातोय, आणि त्याच्या वडिलांच्या हातात नलूने बिनसाखरेचा चहा दिलेला. माझी वाट कोणी पाहिली नव्हती.

"म्हणजे... जमलं?" मी चाचरत विचारलं. "आणि मी जे केलं त्याचं..."

"तुमचं काय?" निलेशची आई म्हणाली. "पोरगी खरं बोलते, तेवढंच बघायचं होतं. आम्हाला मुलगी न्यायचीय. तुम्हाला थोडंच न्यायचंय?"

गावाला कशाकशाची गरज आहे, हे ठरवायला अख्खी सकाळ खर्ची पडली. माझी कोणालाच गरज नाही, हे ठरायला विहीणबाईंचं एक वाक्य पुरलं.