सरकणारी गाठ

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. बाबांच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली. मागावर बसून धोटा फेकला की ती ठणकायची आणि बाबा घर डोक्यावर घ्यायचे. कॅन्सरच असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. दोन महिने आम्ही नुसते त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

शेवटी माय आणि मी त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझीच बोटं त्या गाठीवर ठेवली.

"सरकते ना, मुली? ही चरबीची दिसते, आपल्या जागी राहील. वाईट गाठ आजूबाजूच्या मांसात शिरते, मग हलत नाही. सुरुवातीला बहुतेक दुखतही नाही. पण नक्की काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळतं."

बाबा एवढे खुलले की बाहेर येताच त्यांनी टपरीवर तिघांसाठी चहा सांगितला. मला संतापच आला. एवढ्यासाठी आमचा जीव टांगणीला लावला होता!

माय दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहिली.

"काय झालं वं माय?"

तिनं माझा हात ओढून पदराखाली छातीशी नेला. सुपारीएवढं काहीतरी बोटांना लागलं. मी ते हळूच ढकललं, मग जोर लावून ढकललं. ते जागचं हललं नाही.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून," माय म्हणाली. "दुखत नव्हती वं. मंग काहून सांगू?"