शेवटच्या तिनापुढे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावेडीत घरासमोर स्कूटर पुसत होतो. देवळाली प्रवराला पोचेपर्यंत एकच वाटत राहिलं, ओट्यावरच्या फळ्यावर तो आकडा अजून असेल ना... होता. ७३९३९१३३.

मामा हायस्कुलात गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी ही एकच संख्या धरली ती सोडली नाही. ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. तशा तर ढिगाने सापडतात. हिचं वेगळेपण असं, की उजवीकडचा एकेक आकडा पुसत जा, उरेल ती दर वेळी मूळच. मामा बोटाने पुसत जायचे, ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९... शेवटी नुसता सात. मग पुन्हा सगळी लिहायचे. "या जातीत हिच्याहून थोरली नाही," असं म्हणून करवंटीतला खडू आलेल्याच्या हातात द्यायचे, "लाव बरं पुढे एक आकडा." कुठलाही लावा, भाग जायचाच. ऊसतोडीची तारीख विचारायला आलेला माणूसही यातून सुटत नसे. मी तर भाचा. वर्षानुवर्षं "वा मामा" म्हणत मान डोलावली आणि मनात चहाची वाट पाहिली.

दहाव्याचा फ्लेक्स माझ्याकडे होता. फोटोखाली मामांची संख्या टाकावी, ही माझीच हौस. फळ्यावरून उतरवून पाठवली. मांडववाल्याशी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन आला, "भाऊ, नंबरात दोन आकडे कमी हायेत." मी धड न ऐकता म्हणालो, "कमी असेल ते भर, पण सकाळी दे." त्याने तो मोबाईल नंबर समजून मनाचे दोन आकडे शेवटी चिकटवले.

नदीकाठी त्याच फ्लेक्सखाली उभा राहून मी माईकवर बोललो. या संख्येपुढे काही लावता येत नाही, हेही आवाज चढवून सांगितलं, आणि एकदाही वर पाहिलं नाही. खाली बसलो तर शेजारचे पाव्हणे कानाशी लागले, "मामींशी बोलावं म्हून त्यो नंबर लावला म्या. कोन मामी, म्हनतंय तिकडून." तेव्हा वर पाहिलं. समोर मामांचे जुने सहकारी शिक्षक बसले होते. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे जमिनीकडे बघत राहिले, आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

परवा मामींना भेटायला गेलो. फ्लेक्सवाल्याला दोष द्यायचा की गडबडीला, हे वाटेत जुळवत होतो. काही बोलायच्या आत मामीच म्हणाल्या, "इतकी वर्सं ते सांगत हुते... तू ऐकलंच न्हाई व्हय रे?" रागाने नाही, खरोखर विचारलं. मला लाज वाटली, अजून वाटते आहे.

फळ्यावर मामांच्याच हातचा आकडा आहे. शेवटच्या तिनापुढे नेहमीसारखी कोरी जागा आहे. मामी चहा ठेवायला उठल्या आणि जाताना माझ्याजवळची खडूची करवंटी उचलून आत घेऊन गेल्या.