पूनमसिंगच्या नावचं पुस्तक

पूनमसिंग आडे यांनी एकतीस वर्षं डाक वाटली आणि त्या एकतीस वर्षांत एकही ओळ मनातल्या मनात वाचली नाही. ही मी त्यांची तारीफ करतो आहे की कुचेष्टा, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

ढाणकीच्या आसपासचे सात तांडे आणि चार खेडी त्यांच्या वाट्याला होती. आमच्या त्या मुलखात पत्र नुसतं हातात ठेवून सायकल वळवणारा डाकवाला म्हणजे ताट वाढून पाहुण्याचे हात बांधून ठेवणारा यजमान. पत्र ज्याचं असेल त्याला बोलवायचं, समोर बसवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ऐकणारी म्हातारी मराठीला बिचकणारी असली तर तिथल्या तिथे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, करून सांगायचं. यात पूनमसिंगांचा एक कडक नियम होता. आधी आपण नजरेखालून घालायचं नाही. दुसऱ्याचा कागद मनात वाचणं म्हणजे त्याच्या घरात मागच्या दारानं शिरणं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पत्रातली बातमी पूनमसिंगांना आणि पत्राच्या धन्याला एकाच क्षणी कळायची. बिजलीबाईच्या जावयानं एकदा लिहिलं होतं की तुमच्या पोरीच्या भाकरी बैलानं खाव्या इतक्या जाड असतात. पूनमसिंगांनी ते भर तांड्यात, खणखणीत आवाजात, बिजलीबाईसमोर वाचून काढलं आणि जावई हजर नसल्यामुळे त्याच्या वाट्याच्या शिव्या उभ्या उभ्या स्वतः खाल्ल्या.

एकच कागद न वाचता कळायचा. कोणी गेलं की त्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत आहे. तसलं कार्ड थैलीतून निघालं की पूनमसिंग ते हातात धरून थोडा वेळ गप्प उभे राहत, घसा साफ करत आणि मग वाचायला लागत. तांड्याला एवढं पक्कं ठाऊक झालं होतं: पूनमसिंग कागद घेऊन गप्प बसला की समजायचं, कोणीतरी गेलं.

त्रेसष्ट साली ते निवृत्त झाले आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी ढाणकीच्या आमच्या वाचनालयात आले. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक, एक टेबल आणि आदल्या आठवड्याची वर्तमानपत्रं. मी त्याचा चिटणीस, म्हणजे कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आणि आतला कारभार उंदरांकडे.

"भाऊ, एक पुस्तक पाह्यजे."

"कोणासाठी, काका?"

"माह्यासाठी." असं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. "कामाचं नको. खतायचं नको, देवाचं नको. नुसतं गोडीचं."

मग बाकावर टेकून, चोरीचा माल विकायला आलेल्या माणसासारख्या आवाजात त्यांनी खुलासा केला. "एकतीस वर्षं लोकायच्या गोष्टी अर्ध्या अर्ध्या वाचल्या. पोरगी रुसून माहेरी आली, इथलोक वाचाव, अन् मंग पुढचं पत्रच येत नाही. ते गेली का राह्यली, कोनाले विचारू? एक गोष्ट पह्यलीपासून शेवटलोक वाचाव म्हणतो. मनातल्या मनात. एकच. मंग मेलो तरी चालते."

मी चारशे बारा पानांची कादंबरी काढून दिली. कमलजा नावाची जहागीरदाराची मुलगी, तिचा करारी बाप आणि कमलजेच्या मनातला एक गरीब चित्रकार. सांगायची गोष्ट, मी स्वतः ती वाचलेली नव्हती. चिटणिसानं सगळी पुस्तकं वाचायची म्हटलं तर किल्ल्या कोण सांभाळणार?

पूनमसिंगांनी घरच्या ओट्यावर बसून पुस्तक उघडलं. चष्मा नाकावर, ओठ मिटलेले. दुसरं पान उलटायच्या आत समोरून धनीबाई पाण्याची घागर तिथेच टाकून धावत आली. तिचा हरिसिंग पलटणीत होता आणि वर्षभरापूर्वीच लढाई होऊन गेली होती.

"पूनमसिंग, कांई वेगो?" म्हणजे काय झालं?

"काई नाही, याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात. "गोष्ट वाचून राह्यलो."

"मंग मोठ्यानं काहून नाही वाचत? माह्या हरीचं हाय ना? सांग, मी रडत नाही. सांग!"

तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. बायांनी पदर तोंडाला लावले होते. गोष्टच आहे म्हणून पूनमसिंगांनी शपथा घेतल्या, पण शपथ घ्यायला लागलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवतो? शेवटी त्यांनी तेच पान मोठ्यानं वाचलं. सौधावर कमलजा एकटीच उभी होती आणि तिच्या काळ्याभोर केसांशी वारा लडिवाळपणे खेळत होता.

"एकटी काहून उभी हाय?" तांड्याचे नाईक भीमसिंग यांनी विचारलं. "घरात मानसं नाहीत?"

"हायेत, नाईक. बाप हाय."

"बाप काय करते? जवान पोरगी केस मोकळे सोडून गच्चीवर, अन् हा कुठं गेलता?"

"ते पुढं असन. अजून वाचलं नाही."

"तर वाच ना, बाप्पा! कायले थांबला?"

आठ दिवसांत सहा पानं झाली. प्रत्येक वाक्यावर तांड्याची बैठक बसे. कमलजेच्या बापाला पंचांसमोर बोलवावं इथपर्यंत मजल गेली. तो पुस्तकातला असल्यामुळे सुटला. पूनमसिंग मला म्हणाले, "भाऊ, याच्यापेक्षा डाक बरी होती. पत्र एका पानात सरते तरी."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण धनीबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती, दुसऱ्या दिवशीही नाही. हरिसिंगचं खुशालीचं कार्ड नऊ दिवसांनी आलं, तेव्हा ती पूनमसिंगांच्या ओट्याशी येऊन म्हणाली, "तू गोष्ट वाच, पर माह्यासमोर गप्प बसू नको." एवढं एका म्हातारीला आपल्या गोडीपायी भोगावं लागलं, हे पूनमसिंगांच्या जिवाला फार लागलं. ओट्यावर पुस्तक परत उघडलं गेलं नाही.

घरात वाचायची सोय नव्हती, कारण घरात त्यांच्या पत्नी रुपीबाई होत्या. आमच्या वाचकांना पान दुमडून ठेवायची सवय. वर्षानुवर्षं दुमडून दुमडून त्या कादंबरीचे कोपरे गळून पडले होते. रुपीबाईंना अक्षर येत नव्हतं, पण कोपरा फाटलेला कागद बरोबर ओळखता येत होता.

"एका कार्डाचा कोपरा फाटला त एक मानूस जाते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "याचे किती फाटले, मोजा. घरात कोन उरन?"

पुस्तकाची रवानगी गोठ्यात झाली, सरकीच्या टोपल्यात. दुपारी तांडा वावरात गेला की पूनमसिंग म्हशीशेजारी पोत्यावर बसत. म्हैस काही विचारत नसे. मला वाटलं, चला, वाचक मार्गी लागला.

महिनाभरानं ते पुस्तक परत घेऊन आले.

"झालं?"

"नव्वद पानं झाली. पुढं त्या पोरीच्या नावची चिठ्ठी हाय, भाऊ. बंद पाकिटातली. त्या चित्रं काढणाऱ्यानं धाडली."

"मग?"

"मंग काय? मी पान पलटवलं नाही."

मी पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची मला फार लाज वाटते. मी त्यांना समजावलं की कमलजा नाही, चित्रकार नाही, पाकीट नाही. हे सगळं कोणीतरी बसून रचलेलं असतं.

"ते मले समजते. मी काय येडा हाओ? पर चिठ्ठीवर नाव तिचं हाय. अन् ते तिथं हजर नाही."

ते पुस्तक घेऊन जात, पुन्हा आणत, पुन्हा नेत. असं तीन वर्षं चाललं. शेजारच्या तांड्यात पत्र वाचायला बोलावणं आलं की जात, म्हणत, नवा डाकवाला घाई करते. परत आले की गोठ्यात बसत आणि त्या नव्वदाव्या पानाशी अडत. वर सांगत, "वाचाले बसलो की अक्षर पळते, भाऊ. मनात पाप असलं की असंच होते. लोकं कामाले गेले, बायको वावरात निंदाले गेली, अन् मी म्हशीपाशी लोकाची चिठ्ठी घेऊन बसलो. अक्षर तरी कसं उभं राहीन?"

मी म्हणे, "काका, तुम्ही एकतीस वर्षं राबलात. आता दोन घटका स्वतःसाठी वाचलं तर कोणाचं काय जातं?" हे वाक्य मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं की मला ते सुंदर वाटायला लागलं होतं.

सहासष्ट सालच्या एका बाजाराच्या दिवशी मला युक्ती सुचली. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पहिल्या कोऱ्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलं: "श्री. पूनमसिंग आडे, निवृत्त डाकवाले, मुक्काम तांडा, पोस्ट ढाणकी, जिल्हा यवतमाळ, यांस." खाली वाचनालयाचा शिक्का मारला. हे सगळं नियमाबाहेर होतं, पण नियमांच्या किल्ल्याही माझ्याकडेच होत्या.

मी पत्ता त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते उभे राहिले.

"म्हणजे आता हे माह्यं?"

"तुमच्या नावावर आलेलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आतली चिठ्ठीसुद्धा."

पूनमसिंगांनी आयुष्यात लाखभर कागद वाटले असतील, पण त्यांच्या स्वतःच्या नावचे किती आले असतील कोण जाणे. त्यांनी पुस्तक उपरण्यात बांधलं आणि घाईनं निघाले. इतके घाईत की दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागली. मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात वाचनाची ओढ.

पुढच्या बाजाराला मी त्यांना लांबूनच हाक मारली. "काका, काय होतं चिठ्ठीत?"

ते बाकावर बसले. "भाऊ, आता पाप नाही. नाव माह्यं हाय. गोठ्याचं दार उघडून बसलो, उजेडात. तरी बी अक्षर पळते."

मी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान हळूहळू फिरवली, एखादी वस्तू नळीतून शोधावी तशी. "एक शब्द दिसते. पुढचा पाहाले गेलो की मागचा जाते." मग मला दाराची चौकट आठवली आणि आणखीही बऱ्याच चौकटी आठवल्या.

मी त्यांना एस. टी. नं यवतमाळला नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं बराच वेळ तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती दिवस, सांगता येत नाही. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर औषधानं पुष्कळ धरून ठेवता आली असती, असं त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं. पण दार उघडंच होतं आणि पूनमसिंगांचे कान पहिल्यापासून तयार.

परतीच्या गाडीत, आर्णी गेल्यावर, ते म्हणाले, "तीन साल मी त्या चिठ्ठीपाशी बसलो. मले वाटे डोये बरोबर हायेत, मीच बरोबर नाही."

माझ्या त्या सुंदर वाक्याची मला आठवण झाली. त्याच्याऐवजी एकदा तरी "डोळे दाखवा" म्हटलं असतं.

मी त्यांना वाचून दाखवायचं ठरवलं. ते नको म्हणत होते. मी आग्रहानं बाकावर बसवलं आणि एक्याण्णवावं पान काढलं. "प्रिय कमलजा, तुझ्या दारावरून गेलो तेव्हा..." एवढं वाचलं असेल, बाकावरच्या तिघांनी वर्तमानपत्रं खाली केली. एक जण पुढे सरकला. पूनमसिंगांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि तळवा थेट पानावर ठेवला.

"बस, भाऊ."

"दार लावून घेतो. दोघंच बसू."

"तसं नाही. तुमच्या तोंडातून निंगालं की ते दोघायचं झालं. मले एकट्याले पाह्यजे होतं."

"बरं, मग शेवटी काय होतं तेवढं सांगू?"

"तुम्ही वाचलं हाय?"

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"मंग कायले सांगता?" ते म्हणाले. रागानं नाही, उलट मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

त्यानंतर त्यांचं येणं थांबलं. पुढल्या वर्षी कापसाच्या दिवसांत मी तांड्यावर गेलो. तांडा वेचणीला गेला होता. पूनमसिंग गोठ्यात पोत्यावर बसले होते, मांडीवर कादंबरी उघडी. मला वाटलं, थोडं दिसायला लागलं की काय! पण ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. थोड्या वेळानं बोट ओलं करून त्यांनी एक पान उलटलं, आणि माणसाला एक पान वाचायला लागावा तेवढा वेळ जाऊ देऊन दुसरं.

मी खोकलो. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"या, भाऊ. किती राह्यलं, पाहा बरं."

मी वाकून पाहिलं. चारशे बारांपैकी पान एकशे चार.

"थोडंच राहिलंय, काका," मी म्हणालो.

त्यांनी उरलेली पानं अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरली, हलकेच दाबली.

"जाडी हाताले समजते, भाऊ," ते म्हणाले.