बायडाबाईचा अंगठा

हां, तर बायडाबाई गुडघाभर पाण्यात आणि मी काठावरच्या दगडावर, इथवर काल सांगितलं होतं. बायडाबाई आमच्या कसबा बावड्याची. नवरा केरबा गेल्यापासून खालच्या ओढ्यातले बारके मासे धरून दारोदार विकते. वयानं माझ्याएवढीच, गुडघे मात्र माझ्याहून गेलेले. हा उन्हाळा संपला की पाण्यात उतरायचं बंद, असं तिनं पोराला आणि सुनेला कबूल केलं होतं.

मासा हवा होता अस्मिताला. ही कॉलेजात शिकवते. बोटाएवढा मासा, आम्ही त्याला पट्ट्या म्हणतो. आमच्या लहानपणी पोहताना चड्डीच्या खिशात शिरायचा, आता बघायला मिळत नाही. तिच्या काचेच्या टाकीत एकच उरलेला. जोडीला एखाद-दोन जिवंत मिळाले तर पिल्लं होतील, ती परत ओढ्यात सोडायची. म्हणून दोन उन्हाळे दोघी पाण्यावर माजलेलं केंदाळ बाजूला सारत जाळं ओढत होत्या.

खुणा अस्मितानंच शिकवल्या. तसलाच दिसणारा दुसरा मासा इथं रग्गड मिळतो, त्यामुळं घोळ व्हायचा. त्या दुसऱ्याची काळी रेघ थेट शेपटीत घुसते. पट्ट्याची अलीकडंच थांबते आणि तिथं उडदाएवढा ठिपका. ओठाला मिशीही नाही.

मी म्हणालो, “बायडे, मासा बघतीयास का नवरदेव?”

“नवरदेव बघताना एवढं बघितलं आसतं, आण्णा, तर केरबाच्या घरात पडले आसते व्हय?”

हसलो आम्ही, पण तिला दम लागला होता. जाळं ओढायचं, काठावर टेकायचं, एकेक मासा बघून नको तो विकायच्या पाटीत टाकायचा, पुन्हा उतरायचं. ऊन चढलं. माझंसुद्धा तोंड बंद पडलं, यावरून काय ते समजा.

आता या बाईची एक सवय. बारका मासा हातात आला की अंगठ्यानं पोट दाबून घाण बाहेर काढायची, मगच पाटीत. गिऱ्हाइकाला साफ केलेला लागतो. जन्मभर तेच केल्यामुळं हात न बघता चालतो. त्या दिवशीही सुनेचं काहीतरी मला सांगत होती आणि अंगठा चालू. पाटीत टाकताना हात थांबला. रेघ अलीकडंच थांबलेली. ठिपका होता. मिशी नव्हती. पोट मात्र रिकामं झालेलं.

शेजारी बसलेल्या अस्मितानं तो तळहातावर घेतला, मग जिवंत मासा न्यायला पाण्यानं भरून ठेवलेली बालदी ओढ्यात ओतून टाकली. “राहू दे, आजी. चला घरी.”

बायडाबाई उठली नाही. अंगठा पदराला पुसत राहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं रिकामी बालदी उचलून अस्मिताच्या हातात दिली आणि म्हणाली, “भर परत. ह्यो एकटाच ऱ्हात हुता व्हय हितं? मी जाळं वडते, मासं तू निवड. माझ्या हातात देऊ नगंस.”