हेडलाइट नसलेली गाडी

सुकापूरच्या काकूंकडे एक मोटारसायकल होती. तिच्यावर इतकं कुंकू होतं की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चपला काढून नमस्कार केला. दर दसऱ्याला तेल, हळद, कुंकू, झेंडू. आणि आधीचं पुसायचं नाही, हा काकूंचा नियम. चाळीसेक दसऱ्यांनंतर इंजिन कुठे संपतं आणि देव कुठे सुरू होतो, हे सांगायला पुरातत्त्व खातं बोलवावं लागलं असतं.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. मिठागरवाला माणूस. उरणला बोटीवरच्या कुणा जपानी इंजिनियरने दोन पोती मीठ आणि गोणीभर सुकट घेऊन ती दिली, असं ते सांगायचे. (मी सांगतो तेव्हा त्यात कोळंबीही असते.) "शर्यतीची गाडी हाय," हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले आणि गाव तितकीच वर्षं हसत राहिलं. कारण गाडीला हेडलाइट नाही, हॉर्न नाही, किकसुद्धा नाही. मीठ पुरं दिलं आणि गाडी अर्धीच आणली, ही ठरलेली चेष्टा.

आता घर पाडून तिथे इमारत येणार होती. मुलाने भंगारवाल्याचा टेम्पो बारा वाजता बोलावला होता. काकूंनी सकाळीच मला गाठलं.

"शर्यतीची हाय का नाय, येवढं कुनीतरी खरं सांगा. नसंल तर नेऊ दे. आख्खा गाव ह्यांना हसला. मी पन हसले एकदा, त्यांच्यासमोर."

मी पनवेलच्या चाचांना घेऊन गेलो. ऐंशी वर्षांचे मेकॅनिक. माझ्या स्कूटरचा आवाज त्यांनी एकदा फोनवर ऐकला आणि सांगितलं, मागचा टायर बदल. बदलायला गेलो तर आत खिळा!

चाचा गाडीपुढे मांडी घालून बसले आणि डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवू लागले. मुलगा घड्याळ बघत म्हणाला, "चाचा, लाइट बाबांनीच विकला असेल."

"बेटा, विकायला आधी असावा लागतो. हात लाव इथे. लाइट बसवायला एक भोक तरी आहे? किकचा दांडा निघायला इंजिनात जागा आहे? हिला ढकलत पळायचं आणि उडी मारून बसायचं. शर्यत दिवसाउजेडी होते. लाइट काय आरती करायला हवा?"

मुलाने हात लावून पाहिला. भोक नव्हतं.

"पण माझ्या जुबानवर जाऊ नका," चाचा म्हणाले. "इंजिनचा नंबर बघायला हवा. तो कुंकवाखाली आहे."

मी दाराकडे सरकलो. चाळीस वर्षांचं कुंकू खरवडायला सांगणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नये. काकू आत गेल्या. कोमट पाणी, खोबरेल आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या.

"सरका. माझं मी काढते."

पाऊण तास त्या पुसत होत्या, बाळाचे कान पुसावेत तशा. लाल पाणी ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, आणि माझ्या अंदाजाने कर्नाळ्यापर्यंत गेलं असावं. खालून चांदीसारखं इंजिन निघालं आणि त्यावर अक्षरं आणि नंबर.

चाचांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मग गुडघे कुरकुरत असतानाही उभे राहिले. "तरुणपणी मद्रासला शर्यतीत अशा एका गाडीचा कार्ब्युरेटर साफ केला होता. मालक बाकी कशाला हात लावू देत नव्हता. वहिनी, ही दुकानात विकायला ठेवतच नव्हते. फक्त शर्यतीसाठी बनवायचे."

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सुकापुरात पाय ठेवायला जागा उरणार नाही.

काकू गाडीच्या टाकीवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. तेवढ्यात टेम्पो आला. मुलगा त्याला परत पाठवायला निघाला.

"थांब," काकू म्हणाल्या. "आलाच हाय तर गाडी चढव. भाड्याच्या घरी न्यायची. पन गावातून, मधल्या रस्त्यानं. आनि हलू."

भंगारवाला बिचारा बैलगाडीच्या वेगाने टेम्पो हाकत होता. मागे काकू गाडी धरून उभ्या. दुकानातून, पारावरून माणसं विचारत होती, काय चाललंय? चाचा माहिती द्यायला तोंड उघडायचे, पण काकू बोलू देतील तर ना. "शर्यतीची हाय! ह्यांनी सांगितलंच हुतं!"